मोगली एरंडाचा हिशेब



आज एका कुंपणाच्या झाडाविषयी बोलायचं आहे. या सभागृहातल्या निम्म्या लोकांनी लहानपणी त्याच्या चिकाचे फुगे केले असतील. पान देठासकट मोडायचं, मोडल्या जागी चिकाचा पातळ पापुद्रा धरला की त्यावर अलगद फुंकर घालायची. फुगे उडून जायचे आणि चिकाचा तपकिरी डाग शर्टावर राहायचा. तो कुठल्याही साबणाने जात नाही, त्यामुळे घरी गेल्यावर पाठीत धपाटा ठरलेला. हे झाड म्हणजे मोगली एरंड. कुणी वनएरंड म्हणतं, कुणी चंद्रज्योत. सरकारी कागदांत त्याचं नाव जट्रोफा.

वीस-बावीस वर्षांपूर्वी या झाडाला एकाएकी भाव आला. पडीक जमिनीवर लावा, पाणी नको, खत नको, गुरं तोंड लावत नाहीत म्हणून राखणही नको. तिसऱ्या वर्षापासून बिया तोडा आणि पुढची तीस वर्षं तोडत राहा, त्या बियांतून डिझेल निघेल, असं सगळीकडे सांगितलं जाऊ लागलं. डोंगरउताराची मुरमाड जमीन, पावसावर भिस्त आणि दिवाळीनंतर रिकामी होणारी गावं असलेल्या आपल्या नंदुरबार जिल्ह्याला याहून गोड बातमी कोणती असणार? आज ते झाड जिथं होतं तिथंच, म्हणजे कुंपणाला, उभं आहे. मधल्या काळात हिशेब कुठं चुकला आणि त्याचा भुर्दंड कुणाला पडला, एवढंच मला मांडायचं आहे. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथं जमतो ते कुठल्याही योजनेचं पत्रक हाती आलं की आधी मागची बाजू वाचत, असं त्यांच्या विद्यार्थ्यांकडून ऐकलं आहे. आजचं व्याख्यान त्या सवयीला वाहिलेलं आहे.

आधी झाडाकडे नीट बघू. मोगली एरंड मूळचा इथला नाही. त्याचं माहेर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. पोर्तुगीजांनी तो केप व्हर्द बेटांमार्गे आफ्रिकेत आणि आशियात आणला. त्याच बेटांवरून लिस्बनला बिया जात आणि त्यांच्या तेलावर दिवे लागत, साबण होई. म्हणजे या झाडाचं तेल जळतं ही विसाव्या किंवा एकविसाव्या शतकाची अक्कल नव्हे. बियांत तीस ते चाळीस टक्के तेल असतं. फांदी तोडून पावसाळ्यात खोचली की जगते. उन्हाळ्यात पानं झाडून टाकतं, मांसल खोडात ओल धरून ठेवतं आणि नुसता सांगाडा होऊन चार-पाच महिने उभं राहतं. जूनमध्ये दोन पाऊस झाले की पुन्हा हिरवंगार.

आणि विषारी आहे. एरंडीत जसं रायसिन असतं तसं यात कर्सिन असतं, शिवाय फॉर्बोल एस्टर नावाची द्रव्यं. म्हणून गुरं-शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. पोरांना मात्र हे ठाऊक नसतं. फळ वाळून तडकलं की आत तीन काळ्या बिया, फोडल्या की पांढरा गर, चवीला शेंगदाण्यासारखा. शाळेच्या आवारात चंद्रज्योतीच्या बिया खाऊन मुलांना उलट्या झाल्या, रुग्णालयात न्यावं लागलं, ही बातमी महाराष्ट्रातल्या कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यातून अधूनमधून येतच असते. शाळेला कुंपण स्वस्त पडतं म्हणून आपण हेच झाड लावतो. असो, हा मुद्दा शिक्षण खात्यासाठी सोडून देतो.

आता दिल्लीचा हिशेब. २००३ साली नियोजन आयोगाच्या जैवइंधन समितीने आपला अहवाल दिला. त्यात असं धरलं होतं की २०११-१२ पर्यंत देशाला ६ कोटी ६९ लाख टन डिझेल लागेल. त्यात वीस टक्के बायोडिझेल मिसळायचं तर १ कोटी ३४ लाख टन हवं, आणि त्यासाठी १ कोटी १२ लाख हेक्टरवर मोगली एरंड लावायचा. सगळा महाराष्ट्र मिळून तीन कोटी आठ लाख हेक्टर. म्हणजे राज्याच्या एक तृतीयांशाहून मोठा तुकडा नुसता या एका झाडाखाली. आपल्या हिशेबाने सांगायचं तर साधारण एकोणीस नंदुरबार जिल्हे, त्यातली गावं, नद्या आणि रस्ते धरून.

हेक्टरी काय मिळणार, याचंही गणित होतं. २५०० झाडं, दर झाडाला दीड किलो बी, म्हणजे पावणेचार टन बी, त्यातून सुमारे सव्वा टन तेल. बियांचा भाव किलोला पाच रुपयांच्या आसपास धरलेला. हा दीड किलो आला कुठून? चांगल्या जमिनीतल्या, पाणी मिळालेल्या, वेगळ्या वाढलेल्या झाडाला दीड किलोच काय, त्याहून जास्त बी लागतं, हे खरं आहे. विहिरीच्या दांडाकडेचं एखादं झाड बघा, फळांनी वाकलेलं असतं. त्या एका झाडाला २५०० ने गुणलं आणि ती सगळी २५०० मुरमाड उतारावर नेऊन ठेवली. सगळी गोम इथं आहे.

काटक झाड म्हणजे पाणी नसताना जगणारं झाड. ते जगतं ते खर्च कमी करून. पानं टाकतं, वाढ थांबवतं, फुलं धरत नाही. आपल्यातला एखादा माणूस तंगीच्या वर्षी लग्नकार्य पुढं ढकलतो, तसंच हे. बी धरणं हा झाडाचा सगळ्यांत मोठा खर्च आहे आणि तेलाचं बी तर फारच महाग. तेव्हा दुष्काळात झाड तगलं म्हणजे त्याने पीक दिलं असं होत नाही. पीक दिलं नाही म्हणूनच ते तगलं. त्यात या झाडाच्या फुलोऱ्यात नर फुलं वीस-पंचवीस असतील तेव्हा मादी फूल एखादं. पाणी आणि नत्र कमी पडलं की ते प्रमाण आणखी बिघडतं. भरघोस फळासाठी त्याला हजार मिलिमीटरच्या पुढचा पाऊस मानवतो. बियांबरोबर जमिनीतलं नत्र, स्फुरद आणि पालाशही शेताबाहेर जातं. पेंड विषारी म्हणून गुरांना चालत नाही. खत म्हणून ती उत्तम, पण ती शेतात परत यायची तर घाणा गावात हवा.

देशात आणि देशाबाहेर जिथं जिथं कोरडवाहू हलक्या जमिनीवर प्रामाणिक मोजमाप झालं तिथं हेक्टरी उत्पन्न टनाच्या आसपास किंवा त्याहून बरंच खाली राहिलं. शरच्चंद्र लेले आणि पेरे अरिझा-मोंतोबिओ यांनी तामिळनाडूतल्या लागवडीचा अभ्यास करून २०१० मध्ये निष्कर्ष छापले. पाणी दिलेल्या शेतांतही सांगितल्याच्या जवळपास उत्पन्न आलं नाही, आणि गरीब शेतकऱ्यांनी खाण्याची पिकं काढून हे लावलं तिथं त्यांची अन्नाची आणि चाऱ्याची दोन्हीकडून ओढाताण झाली. त्याआधी, २००९ मध्ये, नेदरलँडमधल्या संशोधकांनी वेगवेगळ्या इंधन-पिकांना किती पाणी लागतं याचा ताळा मांडला, त्यात एक लिटर बायोडिझेलमागे मोगली एरंडाला सुमारे वीस हजार लिटर पाणी लागतं असा आकडा निघाला, सोयाबीनपेक्षाही जास्त. त्या आकड्यावर वाद झाला, मोजणी मोजक्या ठिकाणांवरून केली असा आक्षेप आला, आणि तो रास्त होता. पण ‘पाणी लागत नाही’ या वाक्याच्या बाजूने कुणाला फारसं बोलता आलं नाही.

रसायनाची बाजू मात्र खरी होती, हे सांगायला हवं. तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून तापवलं की वर बायोडिझेल येतं आणि खाली ग्लिसरीन बसतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत होण्यासारखं काम आहे. फक्त बी जुनं, ओलं, कुबट झालेलं असलं की बायोडिझेलऐवजी साबण होतो. २००२च्या अखेरीस रेल्वेने दिल्ली-अमृतसर शताब्दी पाच टक्के बायोडिझेलवर चालवून बघितली. भावनगरच्या केंद्रीय प्रयोगशाळेत तयार झालेल्या इंधनावर मर्सिडीज गाड्या देशभर फिरल्या. राष्ट्रपती डॉ. कलाम भाषणांतून या झाडाचा पुरस्कार करत होते. छत्तीसगडने तर घोषणाच केली, ‘डीजल नहीं अब खाडी से, डीजल मिलेगा बाडी से’. अगदी २७ ऑगस्ट २०१८ रोजी डेहराडूनहून दिल्लीला स्पाइसजेटचं विमान आलं, त्याच्या इंधनात चौथा हिस्सा छत्तीसगडच्या मोगली एरंडाचा होता. इंजिनाने कधीच कुरकुर केली नाही. कुरकुर शेताची होती, आणि शेताला त्या छायाचित्रांत जागा नव्हती.

आता आपल्याकडे येऊ. नवं काही देशभर सुरू करायचं म्हटलं की दिल्लीला नंदुरबार आठवतं. आधार कार्डाचा श्रीगणेशा २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या टेंभलीत झाला. २००६ साली रोजगार हमीचा केंद्राचा कायदा लागू झाला तेव्हा राज्यातल्या पहिल्या बारा जिल्ह्यांत आपण होतो. ‘पडीक जमीन’ हा शब्द ज्या यादीत येईल त्या यादीत तर आपण असतोच. म्हणून या झाडाचा हिशेब नंदुरबारच्या मातीत मांडून बघणं भाग आहे.

जिल्हा एकसारखा नाही. नवापूर, अक्कलकुवा आणि धडगावच्या डोंगरपट्ट्यात हजार मिलिमीटरच्या आसपास आणि वर पाऊस पडतो. नंदुरबार-शहाद्याच्या सखल भागात तो सहाशे-सातशेवर येतो. तापीकाठची काळी जमीन कसदार आहे, तिथं पाणी असेल तर ऊस, केळी, पपई आणि नसेल तर कापूस, तूर. त्या भारी जमिनीत पावसाळ्यात पाणी साचलं की मोगली एरंडाची मुळं कुजतात. तेव्हा तिथं तो लावण्यात अर्थ नाही, आणि कुणी लावलाही नसता. उरला डोंगरपट्टा. तिथं पाऊस आहे, पण माती वीतभर आणि उतार असा की पडलेलं पाणी तासाभरात नर्मदेला किंवा तापीला जातं.

आणि त्या डोंगराला पडीक म्हणायचं का? सातबाऱ्यावर पोटखराब, गायरान किंवा वनजमीन लिहिलेली असेल. पण तिथंच शेळ्या चरतात, तिथंच घरावर घालायचं गवत मिळतं, तिथंच मोहाची झाडं आहेत. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाखाली गेलात तर टोपल्या घेऊन सगळं घर वेचायला आलेलं दिसेल. फुलं वाळवून मोलगीच्या बाजारात जातात. बियांचं तेल घरात खायला होतं. मे महिन्यात कैरीच्या फोडी वाळत टाकलेल्या असतात, त्याचं आमचूर धडगावहून दूरवर जातं. यातलं काहीही कृषी खात्याच्या पीक-पेऱ्याच्या तक्त्यात दिसत नाही, म्हणून ती जमीन रिकामी. त्या जागेवर गुरं न खाणारं झाड लावणं, हा त्या झाडाचा गुण म्हणून सांगितला गेला. शेळीवाल्या घराच्या बाजूने बघितलं तर तोच दोष आहे. या जिल्ह्यात जमिनीचा प्रश्न कागदी नाही. १९७२च्या सुमारास शहादा-तळोद्यात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांनी जो लढा दिला तो जमीन आणि मजुरी या दोन गोष्टींवरूनच. वनहक्क कायदा २००६ साली आला तेव्हा कसणाऱ्याच्या नावे वनजमिनीचा दावा दाखल करायची वाट कायद्याने मोकळी झाली. नेमकी त्याच वर्षांत ही सगळी ‘पडीक’ जमीन इंधनाला हवी होती. दोन्ही गोष्टी एकाच डोंगरावर कशा बसणार होत्या, हे त्या अहवालांत मला कुठं सापडलं नाही.

मजुरीचा हिशेब तर बोटांवर होण्यासारखा आहे. मोगली एरंडाच्या एकाच घोसात एक फळ हिरवं, दुसरं पिवळं, तिसरं वाळून काळं असं असतं. एकदम कापणी होत नाही. त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा जाऊन पिकलेलं तेवढं खुडायचं, मग वाळवायचं, सोलायचं. समजा एका बाईने दिवसभरात पंधरा किलो बी केलं. पाच रुपये किलोने पंच्याहत्तर रुपये झाले. तिची मजुरी तेवढ्यातच संपली. जमीन, रोप, निंदणी, वाहतूक यांना शिल्लक शून्य. बियांचा भाव वाढवावा तर? चार किलो बियांना जेमतेम लिटरभर तेल. सरकारने बायोडिझेलचा खरेदीदर १ जानेवारी २००६ पासून लिटरला २५ रुपये बांधला होता, पुढे थोडा वाढवून साडेसव्वीस केला. चार किलो बी पाच रुपयांनी घेतलं की वीस रुपये तिथंच गेले; घाणा, मिथेनॉल, वीज, वाहतूक उरलेल्या पाच रुपयांत. तेल कंपन्यांनी खरेदी केंद्रं जाहीर केली, पण तिथं सांगण्यासारखं बायोडिझेल आलंच नाही. पंपावरचं डिझेल तेव्हा सरकारी नियंत्रणाखाली स्वस्त होतं. ते नियंत्रण २०१४च्या ऑक्टोबरमध्ये उठलं. म्हणजे शेतकऱ्याच्या डिझेलने स्पर्धा करायची होती ती सरकारनेच स्वस्त ठेवलेल्या डिझेलशी.

आणि हंगाम कोणता? फळं पिकतात ती ऑक्टोबरपासून पुढं डिसेंबरपर्यंत. त्या महिन्यांत नंदुरबार जिल्ह्यात एक हात रिकामा मिळतो का ते सांगा. कापूस वेचणी चालू, मिरची तोडणी चालू, आणि दिवाळी झाली की डोंगरातली कुटुंबं ट्रक भरून बारडोलीच्या उसाला, सुरतेला, सौराष्ट्रात भागाने शेती करायला निघतात. कोयता घेऊन गेलेला माणूस पाच रुपये किलोच्या बियांसाठी परत येणार नाही, आणि येऊही नये. ‘स्थलांतर थांबवणारं पीक’ म्हणून जे सांगितलं गेलं त्याचं सुगीचं तोंड नेमकं स्थलांतराच्या महिन्यात होतं. ही गोष्ट धडगावच्या कुठल्याही घरात विचारली असती तर चहा होईपर्यंत कळली असती.

नगदी पीक कशाला म्हणतात हे नंदुरबारकरांना कुणी शिकवायला नको. मिरचीच्या व्यापारात गुंटूरच्या खालोखाल आपलं नाव घेतलं जातं. ओली लाल मिरची बाजार समितीत येते, लिलाव होतो, व्यापारी ती पथारीवर टाकतो. शहराबाहेरच्या त्या पथारींवर मैलभर लाल गालिचा पसरलेला असतो, बायका तोंडाला फडकं बांधून मिरची हलवत असतात, आणि वाऱ्याच्या दिशेला राहणाऱ्या माणसाला ठसका लागल्याशिवाय राहत नाही. मिरचीतही मार आहे. भाव पडतो, अवकाळी पावसाने पथारीवरचा माल काळा पडतो, विषाणूने प्लॉटच्या प्लॉट जातात. पण मिरची घेऊन निघालेल्या शेतकऱ्याला ती कुठं न्यायची, कुणी बोली लावायची, काटा कुणाचा, हे माहीत असतं. मोगली एरंडाला पथारी नव्हती. लिलाव नव्हता. पाच पोती बी घेऊन माणसाने जायचं कुठं? विकत घेणारा नसताना नुसतं नगदी म्हटलेलं पीक म्हणजे शेतातलं लाकूड.

तरी पैसे कुणी ना कुणी मिळवलेच. रोपं विकणाऱ्यांनी मिळवले. या झाडाची त्या काळात सुधारित म्हणावी अशी जात नव्हती. रानातलं बी पिशवीत टोचलं की रोप तयार. तरी ‘जादा उत्पन्नाची’, ‘खास निवडलेली’ अशी विशेषणं लावून रोपं गेली. नफ्याचं गणित रोपाच्या विक्रीवर बसलेलं असलं की पुढं पीक आलं काय, न आलं काय, विकणाऱ्याचं काम झालेलं असतं. सफेद मुसळी, कोरफड, एमू या तिन्हींची गोष्ट आठवा. मुसळीचं बियाणं विकून पैसा झाला, एमूची पिल्लं विकून झाला. मुसळी किंवा अंडी विकून झाल्याचं फारसं ऐकिवात नाही. शेतकरी हा शेवटचा गिऱ्हाईक असतो आणि त्याला सांगितलेलं असतं की तू उत्पादक आहेस.

मला सगळ्यांत जास्त खटकते ती नाशिकची गोष्ट. मोगली एरंडाची शेती २००३ साली पहिल्यांदा झाली असं समजायचं कारण नाही. राज्याचे माजी मंत्री आणि वनशेतीचे कट्टर पुरस्कर्ते विनायकदादा पाटील यांनी ऐंशीच्या दशकातच नाशिक भागात आधी निलगिरी आणि मग वनएरंड शेतकऱ्यांच्या बांधावरून शेतात आणला. माणूस हौशी होता आणि झाडांवर जीव लावणारा होता; त्यांच्या हेतूविषयी कुणी शंका घेतली नाही, मीही घेत नाही. मोठ्या क्षेत्रावर लागवड झाली, शेतकऱ्यांनी मनापासून केली, आणि अपेक्षित उत्पन्न येत नाही असं दिसल्यावर ती मागे पडली. हा अनुभव इथून दोनशे किलोमीटरवर, आपल्याच राज्यात, आपल्याच भाषेत उपलब्ध होता. दिल्लीत राष्ट्रीय मोहीम आखली गेली तोवर त्याला दशक उलटून गेलं होतं. मोहिमेचे आकडे त्याला धरून बसवले असते तर एकोणीस नंदुरबार जिल्ह्यांची गरज कुणाला वाटली नसती. फसलेल्या प्रयोगाचं टिपण जपून ठेवण्याची सवय आपल्या शेती खात्याला नाही. यशोगाथा तेवढ्या पुस्तिकेत येतात.

परदेशात तरी शहाणपण होतं का? ब्रिटनच्या बीपी कंपनीने २००७ साली डी-वन ऑइल्सबरोबर या झाडाच्या लागवडीची भागीदारी केली आणि २००९ मध्ये ती बाहेर पडली. मोझांबिक, टांझानिया, घाना इथं मोठमोठ्या जमिनी घेतल्या गेल्या आणि सोडून दिल्या गेल्या. कच्च्या तेलाचा भाव २००८च्या जुलैत पिंपाला १४७ डॉलरवर गेला होता, तोपर्यंत सगळे शेतकरी होऊ पाहत होते. वर्षअखेरीस तो चाळीसच्या आसपास आला आणि सगळ्यांना घरची आठवण झाली. माली देशात मात्र एक बारकी गोष्ट टिकली. तिथल्या खेड्यांत बायका कुंपणाच्या बिया गोळा करून साबण करत. त्यांनी कुंपण कुंपणच ठेवलं.

आपल्याकडे केंद्राचं जैवइंधन धोरण डिसेंबर २००९ मध्ये आलं, त्यात वीस टक्क्यांची मुदत २०१७ पर्यंत ढकलली. २०१८च्या धोरणात बायोडिझेलचं उद्दिष्ट पाच टक्क्यांवर उतरलं आणि मुदत २०३० झाली. प्रत्यक्ष मिश्रण एक टक्क्याच्याही खाली राहिलं. त्याच देशात, त्याच काळात, पेट्रोलमधल्या इथेनॉलने वीस टक्क्यांचा पल्ला २०२५ मध्ये गाठला. हे कसं झालं? उसाला कारखाना होता, कारखान्याला सभासद होते, सभासदांना आमदार होते. दर सरकारने बांधला, तो वेळोवेळी वाढवला, तेल कंपन्यांना खरेदी बंधनकारक झाली, आसवन्यांना सवलतीचं कर्ज मिळालं. आणि उसाला पाणी मिळालं. ज्या पिकाला सगळ्यांत जास्त पाणी लागतं ते इंधनाच्या शर्यतीत जिंकलं, आणि ज्याला पाणी लागत नाही म्हणून डोंगरावर पाठवलं ते हरलं. तापीवर सारंगखेडा आणि प्रकाशा इथं बॅरेज बांधून पाणी अडवलं, पण त्या पाण्यावरच्या उपसा योजना वर्षानुवर्षं बंद पडून होत्या, हे मी शहादेकरांना सांगायला नको. एकदा ते पाणी शेतावर पोचलं असतं तर डोंगराच्या पायथ्याची किती गावं काटक झाडाच्या शोधात राहिली असती?

मग कोरडवाहू शेतकऱ्याने इंधनाचा विचारच करू नये का? करावा. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीवर वर्षानुवर्षं काम केलं. ‘मधुरा’ हा वाण काढला, धाटाच्या रसापासून इथेनॉल केलं, त्यावर चालणारा कंदील आणि स्टोव्ह बनवला. त्या कामातली विचाराची दिशा मला पटते. कणसाचं धान्य घरात येतं, चोथा गुरांना जातो, आणि इंधन हे वरकमाईचं आहे. भाव पडला तर शेतकरी भाकरी खाऊन बसतो, उपाशी बसत नाही. मोगली एरंडाला हा आधारच नव्हता. त्याचं बी घरात खाता येत नाही, गुरांना घालता येत नाही, आणि विकलं गेलं नाही तर त्याचा दुसरा उपयोग नाही. गरीब घराला पहिल्याच वर्षी एकमार्गी पीक द्यायचं, यात शहाणपण कोणतं?

मोगली एरंडाला मी नावं ठेवत नाही. बांधावर, ओघळीच्या काठाला, गुरं आत येऊ नयेत म्हणून वाडीभोवती तो हवाच. माती धरतो, सावली करत नाही, छाटला तरी फुटतो. फक्त शाळा आणि अंगणवाडीभोवती नको. त्याच्या बिया वाया जातात असं वाटत असेल तर मोहाच्या आणि करंजाच्या बियांकडे आधी बघा. ती झाडं आपल्याकडे उभी आहेत, त्यांना रोप लागत नाही, राखण लागत नाही, आणि मोहाचं तेल नाही विकलं गेलं तर फोडणीला चालतं.

हे सगळं आज का सांगायचं, तर पुढचं झाड दारात आलेलं आहे. बांबू. रोजगार हमीतून लागवड, वीज केंद्रांना पेलेट, इथेनॉल, आणि आता कार्बन क्रेडिट असं सगळं एकदम सांगितलं जातं आहे. बांबू मोगली एरंडापेक्षा कितीतरी उजवा आहे, हे मी मान्य करतो. त्याला बाजार आहे, घरात उपयोग आहे, सातपुड्यात तो पिढ्यान्‌पिढ्या आहे, आपले कारागीर त्याच्यावर जगले आहेत. पण ‘पडीक जमीन, पाणी नको, तीस वर्षं उत्पन्न’ ही भाषा तीच आहे आणि रोपवाटिकांची लगबगही तशीच आहे.

आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक गावांत आदिवासी भागासाठीचा पेसा कायदा लागू आहे. गावच्या जमिनीवर काय लावायचं याबाबत ग्रामसभेला विचारल्याशिवाय पुढं जाता येत नाही. इथं समोर सरपंच बसले आहेत, शिक्षक आहेत, कृषी सहायक आहेत. तुमच्या गावात लागवडीचा ठराव येईल तेव्हा उत्पन्नाचे आकडे कुठल्या शेतावर, किती पावसात मोजले ते विचारा आणि ते शेत बघायला दोन माणसं पाठवा. माल कोण घेणार, कुठल्या काट्यावर, काय दराने आणि कोणत्या महिन्यात, हे ठरावातच लिहून घ्या, खाली खरेदीदाराची सही घ्या. तोडणीचा महिना दिवाळीनंतर येत असेल तर तेव्हा गावात कोण असतं, हेही त्याच कागदावर मांडा. यातली एक जागा जरी कोरी राहिली तरी ठराव पुढच्या सभेवर ढकला. डोंगर कुठं पळून जात नाही.